मुंबई हायचं तेल डायनासोरचं आहे का? जमिनीखाली तेल आणि गॅस नक्की बनतो कसा?

शंकासूर:
नमस्कार मंडळी, एकदम बेसिक शंका आहे, हसू नका. लहानपणापासून ऐकत आलोय की पेट्रोल म्हणजे गाडल्या गेलेल्या डायनासोरचं तेल. परवा ऑफिसात जेवताना यावरून वाद झाला. एक म्हणाला डायनासोर एवढे होते तरी किती की दीडशे वर्षं सगळं जग त्यांच्यावर गाड्या पळवतंय, दुसरा म्हणाला डायनासोर नाही रे, जंगलं गाडली गेली त्यांचं, आणि तिसऱ्याने तर सांगून टाकलं की तेल पृथ्वीच्या पोटात आपोआप बनत असतं, संपणारच नाही, कंपन्या मुद्दाम टंचाई दाखवतात. म्हटलं इथे विचारावं, इथे कोणी ना कोणी त्या लाइनमधलं असतंच. तर नक्की काय कुजतं, किती खोल, गॅस वेगळा का निघतो, आणि खाली तेलाचं तळं असतं का? आणि मुंबईच्या समुद्रातच तेल का, पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या खाली का नाही? विकिपीडिया उघडून बघितला, दुसऱ्या ओळीत केरोजेन आलं, टॅब बंद केला.

टवाळ_टग्या:
पुण्याच्या खाली असतं तर मेट्रोचं खोदताना एव्हाना कळलं असतं 😀 बाकी वाचतोय, मलापण डायनासोरच वाटत होतं.

मडलॉगर:
शंकासूर, प्रश्न चांगलाय, मी बरीच वर्षं रिगवर जिऑलॉजीचं काम केलंय त्यामुळे जरा लांबण लावतो, सहन करा.

डायनासोर पहिले बाजूला ठेवा. त्या समजुतीला खतपाणी घातलं ते अमेरिकेतल्या सिंक्लेअर नावाच्या पेट्रोल कंपनीने, त्यांचा लोगोच हिरवा डायनासोर आहे, १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी डायनासोरच मांडून ठेवले होते, मग लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. आणि आपल्या मुंबई हायच्या बाबतीत तर ते वयातच बसत नाही. तिथलं तेल ज्या चिखलातून निघालं तो चिखल डेक्कन ट्रॅपच्या वर साचलेला आहे. डेक्कन ट्रॅप म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि डायनासोर संपले ते त्याच सुमाराला. तेलवाला चिखल त्यानंतरचा, पाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे राजगडाचा दगड जुना आणि मुंबई हायचं तेल त्याच्यापेक्षा नवं. हे मी कोणाला सांगितलं की आधी विश्वासच ठेवत नाहीत.

आता कुजण्याचं. खरं तर पूर्ण कुजलं तर तेल होतच नाही. समुद्रात वरच्या उजेडाच्या थरात प्लँक्टन असतं, डोळ्यालापण न दिसणारं शेवाळ आणि बारीक जीव, त्यांची संख्या एवढी अफाट असते की देवमाशांचं वजन त्यापुढे काहीच नाही. ते मेलं की खाली पडायला लागतं आणि पडता पडताच बहुतेक सगळं कोणीतरी खातं नाहीतर ऑक्सिजनमुळे सडून जातं, शंभरातला एक भागसुद्धा गाळात टिकत नाही. टिकतं कुठे, तर जिथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो तिथे. काळ्या समुद्रात आजही दीडशे-दोनशे मीटरच्या खाली ऑक्सिजन नाही, तिथे तळाला असा काळा सेंद्रिय चिखल साचतोय. असा चिखल बारीक पाहिजे, झटपट वरून आणखी गाळ पडून झाकला गेला पाहिजे, आणि मग त्या बेसिनचा, म्हणजे गाळ साचणाऱ्या खोलगट भागाचा, तळ लाखो वर्षं खचत राहिला पाहिजे म्हणजे वर गाळ बसत जातो आणि जुना चिखल खोल खोल जातो. दाबाने त्या चिखलाचा दगड होतो, त्यात वजनाच्या एक-दोन टक्के सेंद्रिय कार्बन उरला तरी आम्ही म्हणतो सोर्स रॉक, म्हणजे ज्यातून तेल निघतं तो दगड, चांगला आहे, एवढंसंच लागतं.

तुम्ही ज्याला घाबरून टॅब बंद केला ते केरोजेन म्हणजे एवढंच की तो सेंद्रिय भाग दाबला जाऊन घट्ट, कशातच न विरघळणारा मेणचट पदार्थ झालेला असतो. त्याचे मोठे मोठे रेणू असतात. खाली जाल तसं तापमान वाढतं, जगात साधारण किलोमीटरला २५ ते ३० अंश, मुंबईच्या समुद्रात त्याहून जास्तच. ६० अंशाच्या आसपास ते रेणू तुटायला लागतात आणि तेल सुटायला लागतं. साधारण १२० पर्यंत जोर असतो, काही जण दीडशेपर्यंत धरतात. या पट्ट्याला ऑइल विंडो म्हणतात, बहुतेक बेसिनमध्ये ती दोन ते चार किलोमीटर खोलीवर येते. त्याच्याही खाली गेलं की तयार झालेलं तेलसुद्धा तुटतं, लांब साखळ्यांच्या बारीक साखळ्या होतात, शेवटी उरतो मिथेन. तर गॅस वेगळा का, याचं एक उत्तर हे की तो जास्त तापलेला माल आहे. दुसरं उत्तर असं की चिखलात शेवाळाऐवजी जमिनीवरच्या झाडांचा लाकूडफाटा जास्त असेल तर मुळातच तेल कमी आणि गॅस जास्त निघतो. आणि तिसरा गॅस एकदम उथळ असतो, गाळ अजून गारच असताना बॅक्टेरिया बनवतात तो, तुमच्या गोबरगॅसच्या टाकीत बनतो तोच मिथेन.

म्हणजे तुमच्या ऑफिसातला दुसरा, जंगलंवाला, अर्धा बरोबर आहे. मुंबई हायचा सोर्स रॉक, आम्ही त्याला पन्ना फॉर्मेशन म्हणतो, तो किनाऱ्यालगतच्या दलदली, खाड्या आणि उथळ समुद्र असल्या जागी साचलेला आहे, त्यात शेल, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, आणि त्याबरोबर कोळशाचे थरपण आहेत. त्यामुळे समुद्रातलं शेवाळ आणि जमिनीवरची झाडं दोन्हींचा हिस्सा आहे, तेल हलकं, गंधक कमी पण मेण भरपूर. याउलट राजस्थानात बाडमेरचं तेल जुन्या तळ्यातल्या शेवाळाचं, त्यात मेण इतकं की पाइपलाइन गरम ठेवावी लागते नाहीतर थिजतं.

बाकी तळ्याचा प्रश्न रात्री लिहितो, फोन येतोय.

उरणकर:
आमच्याकडे उरणला मुंबई हायचा माल पाइपलाइनने येतो, तिथला फ्लेअर, म्हणजे जादा गॅस जाळायची ज्योत, आम्ही लहानपणापासून बघतोय, रात्री लांबून दिसतो. मडलॉगर दादांनी गॅसचं सांगितलं त्यात माझी भर. लोकांना वाटतं सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस एकच, तसं नाही. खालून येतो त्यात मिथेन जास्त, सोबत इथेन प्रोपेन ब्युटेन असं सगळं मिसळलेलं. प्लांटमध्ये ते गार करून वेगळं करतात, प्रोपेन-ब्युटेन म्हणजे सिलिंडरवाला एलपीजी, आणि मिथेन राहिला की तो पाइपने जातो, अलिबागजवळ थळला खताच्या कारखान्यात त्याच्यापासून युरिया होतो. आणि वास, तो गॅसचा नसतोच, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन घालतात.

चांदागडचा_भाऊ:
काहो मडलॉगर भाऊ, एक सांगा. आमच्या चंद्रपूरले जिकडं पाहा तिकडं कोळशाच्या खाणी, वणी, बल्लारपूर, सगळा पट्टा कोळसाच कोळसा. तुमी म्हणता झाडं गाडली गेली तरी तेल-गॅस निघते, मग आमच्याइकडं तेल काहून नाई निघत बा?

मडलॉगर:
भाऊ, मस्त प्रश्न. तुमचा कोळसा गोंडवाना नावाच्या जुन्या थरांचा, साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर यायच्या आधीचा. ती सगळी नदीकाठच्या दलदलीतली झाडं. लाकडात सेल्युलोज आणि लिग्निन, ते तापलं की मुख्यतः मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतं आणि मागे कार्बन उरत जातो, तोच कोळसा. तेल व्हायला चरबीवाला, हायड्रोजनवाला माल लागतो, तो शेवाळात असतो, पानांच्या मेणात आणि राळेतपण थोडा असतो, म्हणून काही कोळशातून तेल निघतं, पण गोंडवानाचा बहुतेक कोळसा तसा नाही. गॅस मात्र असतो, खाणीत स्फोट होतात ते त्याच मिथेनमुळे. झारखंडात झरिया, बंगालात राणीगंज इथे बोअर मारून कोळशातला मिथेन काढतात, सीबीएम म्हणतात त्याला.

आता तळं. शंकासूर, खाली तळंबिळं काही नसतं, पोकळ गुहा नसते. बांधकामावर गवंडी वीट लावायच्या आधी पाण्यात टाकतो, बुडबुडे येतात, वीट बाहेर काढली तर दिसायला तशीच पण वजन वाढलेलं. दगडातलं तेल तसंच असतं, कणाकणामधल्या बारीक भोकांत. आणि मुळात ती भोकं रिकामी नसतात, तिथे आधीपासून खारं पाणी भरलेलं असतं. सोर्स रॉकमधून दाबाने पिळून निघालेलं तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भोकाभोकातून वर सरकत राहतं, मिळेल त्या वाटेने, तिरकं, फॉल्टमधून म्हणजे दगड तुटून सरकल्याच्या भेगेतून, कधी कधी बऱ्याच किलोमीटर लांब. बहुतेक तेल असंच वर येऊन वाया गेलंय हे लक्षात घ्या, जमिनीवर आलं की बॅक्टेरिया खातात आणि डांबर उरतं. हिमाचलात कांगड्याला ज्वालामुखी देवीच्या देवळात दगडातून ज्योत जळते ना, तो वाट सापडलेला गॅसच आहे. ओएनजीसीने १९५७ साली पहिली विहीर त्याच भागात घेतली होती, धंदा होईल असं काही हाती लागलं नाही.

तर तेल सापडायला अडवणारा पाहिजे. वर घुमटासारखा वाकलेला थर, त्यात भोकंवाला दगड, आणि त्याच्या डोक्यावर शेलसारखा बंद दगड. मुंबई हायमध्ये हे सगळं जुळलं. तेल शिजलं ते मुख्यतः बाजूच्या खोल खड्ड्यांत, सुरत डिप्रेशन आणि आजूबाजूला, जिथे पन्नाचा चिखल जाड साचलाय आणि खोल गेलाय. मुंबई हायचा उंचवटा शेजारी उभा, तिथे पन्ना फॉर्मेशन माथ्यावर जवळपास नाहीच. खड्ड्यात बनलेलं तेल चढत चढत उंचवट्याच्या चुनखडीत येऊन अडकलं. ती चुनखडी, आम्ही एल-थ्री म्हणतो, साधारण दोन कोटी वर्षांची, उथळ स्वच्छ समुद्रातल्या शिंपल्या-जीवांची, आणि मधून मधून समुद्र खाली गेल्यावर पावसाच्या पाण्याने ती विरघळून तिला भोकं पडली, म्हणून तेल मावलं. आता गंमत बघा, चिखल पाच-सहा कोटी वर्षांचा, ज्यात तेल आहे तो दगड दोन कोटींचा. आई वेगळी, घर वेगळं. म्हणून कोणी विचारलं की हे तेल किती जुनं, तर आधी विचारावं लागतं की चिखलाचं वय सांगू, शिजण्याचं सांगू की दगडाचं.

शोधलं कसं तर १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाने सेस्मिक सर्व्हे, म्हणजे जमिनीत लाटा सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून थर बघणं, केला, त्यात तो उंचवटा दिसला, मग सागर सम्राट नावाची रिग जपानमधून बांधून आणली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं, मे १९७६ ला प्रॉडक्शन सुरू. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर, पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास, आणि एल-थ्री समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवर. १९८९ च्या सुमाराला दिवसाला चार लाख बॅरलच्या वर निघत होतं. आता फील्ड म्हातारं झालंय, पाणी जास्त येतं.

टवाळ_टग्या:
आई वेगळी घर वेगळं 😂 हे लक्षात राहील. पण दादा खाली असताना तुम्हाला कळतं कसं तेल लागलं म्हणून? सिनेमात दाखवतात तसं कारंजं उडतं का?

मडलॉगर:
कारंजं उडालं म्हणजे काहीतरी भयंकर चुकलंय, त्याला ब्लोआउट म्हणतात, ते होऊ नये म्हणून तर विहिरीत जड मड, म्हणजे ड्रिलिंगसाठी बनवलेला पातळ चिखल, भरून ठेवतात. आम्ही बघायचो कटिंग्ज. बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, दगड फोडत जातो, त्याचा चुरा मडबरोबर वर येतो, शेल शेकर नावाच्या हलत्या चाळणीच्या जाळीवर थांबतो. पण तो चुरा आत्ताचा नसतो, खालून वर यायला वेळ लागतो, त्याचा हिशोब करून सँपल कुठल्या खोलीचं ते लिहायचं. मग धुवायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि यूव्ही दिव्याखाली धरायचं, तेल असलं तर पिवळसर-निळसर चमकतं. रात्री तीन वाजता, जुहूहून हेलिकॉप्टरने आलेला, झोप न झालेला माणूस ते चमकणारे चार दाणे बघून खूष होतो, एवढंच ते थ्रिल. सोबत मडमधला गॅस मशीनवर मोजत असतात, मिथेन, इथेन, प्रोपेन वेगवेगळं, त्या प्रमाणावरूनच अंदाज येतो की खाली कोरडा गॅस, म्हणजे जवळपास नुसता मिथेन, आहे की तेल.

सत्यशोधक_७७:
सगळं पाठ्यपुस्तकातलं सांगताय. रशियन शास्त्रज्ञांनी केव्हाच सिद्ध केलंय की तेल जीवापासून येत नाही, ते मँटलमधून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, येतं आणि विहिरी परत भरतात. मेंडेलीव्ह, ज्याने पिरियॉडिक टेबल केलं, तोसुद्धा हेच म्हणत होता. शनीच्या टायटनवर मिथेनची तळी आहेत, तिथे कुठलं प्लँक्टन? फॉसिल फ्युएल हा शब्दच टंचाई दाखवायला काढलाय. डोळे उघडा.

रसायनवाली:
सत्यशोधक, मी केमिस्ट्री शिकवते म्हणून उत्तर देते, भांडायला नाही. मेंडेलीव्हचं खरं आहे, १८७७ मध्ये त्याने तसं मांडलं होतं. पण तेव्हा तेलात काय काय आहे हे नीट वेगळं करून बघायची साधनंच नव्हती. १९३० च्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड ट्राइब्स यांना कच्च्या तेलात पोर्फिरिन सापडले, आणि त्यांचा सांगाडा क्लोरोफिलसारखा आहे. म्हणजे पानाच्या हिरव्या रंगाचं उरलेलं हाड तेलात आहे. त्यानंतर तर अशा खुणांची रांगच लागली, बायोमार्कर म्हणतात. एक ओलिअनेन नावाचा रेणू आहे तो फुलझाडांशी जोडलेला, तो भारतातल्या तरुण खडकांच्या तेलांत सापडतो. मँटलमध्ये फुलझाडं कुठून आली?

आणि तुमची थिअरी कोणी तपासलीच नाही असं नाही. थॉमस गोल्ड हा मोठा खगोलशास्त्रज्ञ, त्याच्या सांगण्यावरून स्वीडनमध्ये सिल्यान नावाच्या उल्कापाताच्या जागी ग्रॅनाइटमध्ये १९८० च्या दशकात सहा किलोमीटरहून खोल बोअर मारली. काही बॅरल काळा गाळ निघाला, आणि तोसुद्धा ड्रिलिंगला वापरलेल्या तेलाचा असावा असं बऱ्याच जणांचं म्हणणं. टायटनचं मात्र तुमचं बरोबर आहे, मिथेन हा एका कार्बनचा साधा रेणू, तो जीव नसतानाही बनतो, पृथ्वीवरही थोडा बनतो. पण मिथेन बनणं आणि पोर्फिरिनसकट कच्चं तेल बनणं यात फार अंतर आहे. विहिरी परत भरतात असं दिसतं त्याचं साधं कारण, प्रॉडक्शन थांबवलं की आजूबाजूच्या दगडातलं तेल हळूहळू विहिरीकडे सरकतं, दाब परत थोडा वाढतो.

शंकासूर:
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. ऑफिसातल्या तिसऱ्याला रसायनवाली ताईंचा रिप्लाय दाखवतो. आता दोनच राहिलं. एक म्हणजे तेल आजही बनतंय का? आणि दुसरं, पुणे-सातारा राहिलंच की. बेसाल्टच्या, म्हणजे त्या डेक्कन ट्रॅपच्या काळ्या कातळाच्या, वर समुद्रात तेल आहे म्हणता, मग बेसाल्टच्या खाली काय आहे, तिथे जुना गाळ असेल की, त्यात का नाही?

मडलॉगर:
आजही बनतंय, खोल बेसिनमध्ये ती प्रोसेस थांबलेली नाही. पण जग दिवसाला साधारण दहा कोटी बॅरल जाळतं आणि खाली जे होतं त्याला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे आपल्या हिशोबात ते नसल्यासारखंच.

दुसरा प्रश्न मात्र खरा भारी आहे आणि त्यावर लोक अजून काम करतायत. बेसाल्ट स्वतः लाव्हा, त्यात सोर्स रॉक असणार नाही. पण त्यात तडे असतील तर तेल बाहेरून येऊन साठू शकतं, गुजरातेत पाद्रा नावाचं फील्ड चक्क डेक्कन ट्रॅपमधून तेल देतं. आपल्याकडे अडचण ही की खाली जुना गाळ आहे का हेच जागोजागी वेगळं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर मारली तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट लागला, मग जेमतेम ८ मीटर गाळ आणि खाली एकदम जुना नाइस (gneiss) नावाचा खडक. कोयनेच्या बोअरमध्ये तर ९३० मीटरच्या आसपास बेसाल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइटच, गाळ नाहीच. म्हणजे साताऱ्याकडे तरी आशा नको. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात मात्र सर्व्हेत बेसाल्टखाली बऱ्यापैकी जाड गाळ असल्याची चिन्हं आहेत, कच्छ-सौराष्ट्रातही बेसाल्टखाली जुना गाळ आहे. पण सेस्मिकच्या लाटा बेसाल्टमध्ये अशा विखुरतात की खालचं चित्र धूसर येतं, आणि धूसर चित्रावर विहीर खोदायला पैसे कोण टाकणार, एक विहीर म्हणजे कोटींचा खेळ.

चांदागडचा_भाऊ:
म्हंजे धुळे-नंदुरबारवाल्यांचा चान्स हाय, साताराकर गेले बा 😄

उरणकर:
आणि तिकडे निघालंच तरी पाइप शेवटी इकडेच येणार का गुजरातेत हजीराला, हा पुढचा वाद.